पणती धरलेल्या बायका

समस्त नातेवाईक, शेजारी, हितचिंतक आणि तळणाच्या वासावर येणारे इतर सर्व, यांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, केडगाव येथील आमच्या राहत्या घरी यंदाच्या दिवाळीत बायका टांगल्या जाणार नाहीत. हॉल मोकळा राहील. सोफ्यावर बसता येईल. पंखा फुल्लवर लावता येईल. दोरीखालून वाकून स्वयंपाकघराकडे जाताना ज्यांच्या टोप्या, चष्मे आणि एका सद्गृहस्थांचा तर केसांचा टोप पडला, त्यांनी आता निर्धास्त यावे. ही व्यवस्था कायमस्वरूपी आहे, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

आमच्या ह्यांनी हे वाचलं आणि एवढंच विचारलं, "खाली सही कुणाची? माझी नको हं. लोकांना वाटेल, इतकी वर्षं मीच टांगत होतो."

ज्यांचं आमच्याकडे येणंजाणं नाही त्यांनी घाबरू नये. बायका कागदाच्या आहेत. जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या, हाताने रंगवलेल्या. कुणाच्या हातात पणती, कुणाच्या हातात तबक. नाकात नथ, खांद्यावर पदर, आणि नजर अशी की ती तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या डाव्या खांद्याच्या मागे कुणीतरी जास्त देखणं उभं आहे त्याच्याकडे बघते. छापखान्यात लाल रंग केसभर सरकला की ओठ एका जागी आणि त्यांची लाली दुसऱ्या जागी. एका बाईचं कुंकू तर भुवईवर उतरलेलं आहे. तिला आम्ही घरात 'घसरगुंडी' म्हणतो. दरवर्षी वसुबारसेच्या सकाळी मी खिडकीच्या गजापासून माळ्याच्या हुकापर्यंत नायलॉनच्या दोऱ्या बांधायची, एकेक बाई पारदर्शक पिशवीत सरकवायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकवायची. चिमटा पिशवीला, कागदाला नाही. बाई दुखावता कामा नये.

यंदाही पुस्तकांच्या स्टॉलवर नवे अंक मांडलेत. काल बाजारातून येताना तिथून गेले तर कोऱ्या शाईचा तो वास आला, आणि पाय सवयीने थबकले. शेजारी झेंडूचे ढीग. पुणे रस्त्यावरून ऊसतोडीवाल्यांचे ट्रॅक्टर चाललेले: ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, आणि सगळ्यांच्या वर गाठोड्याला टेकून झोपलेली एक बाई. दिवाळी आणि गळिताचा हंगाम आमच्याकडे हातात हात घालून येतात. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावात लहानपणी उटण्याचा वास आणि कारखान्याच्या मळीचा वास एकाच पहाटे नाकात शिरायचे. अजूनही कुठे मळीचा आंबूस भपका आला की मला चकली खावीशी वाटते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "याला औषध नाही." मी म्हटलं, "कशालाच नाही हो, डॉक्टर."

तर, या बायका कशासाठी? लोक विचारायचे आणि मी दरवेळी वेगळं उत्तर द्यायची. कलेची आवड. वेळ जात नाही. नवऱ्याला छळण्याचा स्वस्त मार्ग. पाहुणे हसायचे, फराळावर हात मारायचे आणि निघून जायचे. खरं उत्तर इतकं छोटं आहे की ते सांगितलं तर माझ्या गप्पांचा धंदाच बसेल. मला त्यातली एक बाई हवी होती. ती माझी आई होती.

आई बाळंतपणात गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा फोटो नाही. लग्नातला नाही, जत्रेतला नाही, कुठल्या घोळक्यात मागे उभी असलेलाही नाही. मला तिचं आठवतं ते कोपर. झोपताना माझा गाल त्याला लागायचा, ते खरखरीत होतं. एवढीच माझी आई. कोपराच्या वर कोण होतं ते मला माहीत नाही. आज माझ्या मोबाईलमध्ये शेजाऱ्यांच्या मांजराचे सगळ्या बाजूंनी फोटो आहेत.

तिचं चित्र मात्र एकदा काढलं गेलं होतं. गावातल्या शाळेत चित्रकला शिकवणारे शमुवेल मास्तर आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचे. सुट्टीत ते मुंबईच्या कुठल्याशा दिवाळी अंकांसाठी चित्रं रंगवत. त्यांनी आईला एका दुपारी ओट्यावर बसवलं, हातात पेटवलेली पणती दिली आणि कागद पुढ्यात घेतला. ही हकिगत मला आत्याने सांगितली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली होती आणि आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती सांगायची, "भर उन्हाची पनती लावून बसली, आन् समद्या आळीच्या बाया हासत्यात. म्हनल्या, ह्या बाईला दिवसा बी दिसंना का काय! पर हालली न्हाई. तेल मनगटावर वघळलं तरी हालली न्हाई."

चित्र छापून आलं. अंक टपालाने घरी आला. सगळ्या आळीने बघितला. आणि वर्षाच्या आत आई गेली.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे आमच्याच भागात, आमच्याच घरात होऊ शकतं. दोन वर्षांनी मी पहिलीत गेले. जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालायची असतात. खाकी कागद घरात नव्हता. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण कागदाची पारख होती. तिने ट्रंकेतून सगळ्यात जाड, गुळगुळीत कागद काढला आणि माझ्या पुस्तकाला घट्ट कव्हर घातलं. चित्र आतल्या बाजूने. मुद्दाम आतल्या बाजूने. का, ते तिने मला कितीदा तरी सांगितलं: "पोरांच्या मळक्या बोटांनी तिचं त्वांड खराब नगं व्हाया, म्हनून."

म्हणजे वर्षभर माझी आई माझ्या काखेत होती. तोंड पुस्तकाला लावून. मी तिच्यासकट शाळेत गेले, तिच्यासकट पावसात धावले, तिच्यावर डोकं ठेवून वर्गात झोपले. कव्हराच्या दुमडलेल्या पट्टीखाली मी लिमलेटच्या गोळ्यांचे चकाकते कागद साठवायची, त्यामुळे त्या पट्टीवर आलेला चित्रातला पदर मला आठवतो: हिरवा, कडेला पिवळी रेघ. वर्ष संपल्यावर ते पुस्तक, तेव्हा सगळेच करत तसं, अर्ध्या किमतीला खालच्या वर्गातल्या कुणाला तरी देऊन टाकलं. कव्हरासकट. चांगलं होतं ना कव्हर.

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा ते जेवणावरून उठले आणि शेतात निघून गेले. त्या अंकाचं नाव काय, साल कुठलं, हे विचारायची सोय पुन्हा कधी राहिली नाही. त्यांच्यासमोर पुस्तक हा शब्द काढला तरी ते तंबाखूची चंची शोधायला लागत. ते गेले तेही ती चंची शोधतच, असं मी म्हणते तेव्हा भाऊबंदांना राग येतो. काय करू, खरंच हात चाचपडत होते.

मोठी झाले, लग्न होऊन केडगावला आले, आणि एका दिवाळीत नगरच्या दिल्ली दरवाज्याजवळच्या इस्माईलभाईंच्या रद्दीच्या दुकानात मला एक पणतीवाली बाई दिसली. हिरवा पदर! मी घासाघीस न करता ती घेतली. घरी येऊन दिव्यापाशी धरली. पदराला पिवळी रेघ नव्हती. मग दुसरी मिळाली, तिला रेघ होती पण हातात तबक होतं. तिसरीची मान पलीकडे. इथून तो नाद लागला. इस्माईलभाईंचा फोन नेमका ह्यांच्या बॅटरीच्या दुकानात यायचा आणि हे गिऱ्हाइकांसमोर तो स्पीकरवर घ्यायचे. "साहेब, ताईंना निरोप द्या, तीन बाया आल्यात. दोन चांगल्या आहेत, एकीला उंदरांनी खाल्लंय." एका गिऱ्हाइकाने म्हणे बॅटरी तिथेच सोडून पळ काढला.

संग्रह करणाऱ्यांना एकेक वस्तू सापडली की आनंद होतो, असं मी ऐकते. माझं उलटं होतं. एकेक बाई सापडायची आणि जगात शिल्लक राहिलेल्या बायका एकीने कमी व्हायच्या. दोऱ्या भरत गेल्या तसं माझ्या आत काहीतरी रिकामं होत गेलं. लोक म्हणायचे, "वा, केवढा खजिना!" मी पेढा पुढे करायची आणि मनात म्हणायची, यातली एकही ती नाही, हा केवढा मोठा पुरावा आहे.

एकदा एका तालुक्याच्या जुन्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल मोठे अगत्याचे. म्हणाले, "आमच्याकडे सगळे जुने दिवाळी अंक आहेत, ताई. एकही गहाळ नाही." कपाट उघडलं. ओळीने काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतले जाडजूड गठ्ठे. मी एक उघडला. पहिलं पान अनुक्रमणिकेचं. दुसरा उघडला. अनुक्रमणिका. तिसरा, चौथा, तेच.

"मुखपृष्ठं कुठंयत?"

"ती बाइंडर काढूनच टाकतो ना. जाड कागद असतो, शिलाईत नीट बसत नाही." मग माझा चेहरा बघून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण आतलं साहित्य अगदी जसंच्या तसं आहे हो!"

मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि इतकी हसले की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. मग हसणं थांबेना आणि शेवटी ते हसणं राहिलं नाही.

शमुवेल मास्तर केव्हाच वारले होते, पण त्यांचा मुलगा नगरलाच राहतो हे कळल्यावर मी त्याच्याकडे गेले. तोही आता आजोबा झालेला. चहा, केक, जुन्या गावाच्या गप्पा. मूळ चित्रं? "अंकवाले परत पाठवायचे नाहीत. बाबांनीही कधी मागितली नाहीत." आईबद्दल सांगितल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. सांगावं की न सांगावं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने सांगितलं. "ताई, बाबा समोर बाई बसवायचे ती हातांसाठी. पणती कशी धरली, पदर कसा पडला, उजेड कुठून आला, एवढ्यासाठी. चेहरा मात्र अंकवाल्यांना ठरलेला लागायचा. गोरा, लांब डोळ्यांचा. तो बाबा न बघताच काढायचे."

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि मला तो मांडता आला नाही. इतकी वर्षं मी चेहरे तपासत होते. त्या दिवसापासून मी हात तपासायला लागले. पण मला तिचे हातही माहीत नव्हते. ते माहीत असलेलं माणूस या पृथ्वीवर एकच उरलं होतं, आणि ते सोनईला आपल्या मुलाकडे बसून शेंगा फोडत होतं.

ती दिवाळी मला विसरता येत नाही. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ती फोनवर येईल त्याला सांगत सुटली होती, "आता मला मुंगीचं पाय बी मोजता येत्यात." मी ठरवलं, आत्ताच. भाऊबीज झाली आणि हे गाडी घेऊन तिला आणायला गेले. इकडे मी पहाटेपासून आणखी दोऱ्या बांधत होते. त्या वर्षी एकही बाई पेटीत ठेवली नाही. सगळ्या टांगल्या, घसरगुंडी, उंदराने खाल्लेली, अर्धीच उरलेली, सगळ्या. खिडक्या सताड उघडल्या. थंडीची पहिली कोरडी झुळूक यायची आणि त्या सगळ्याजणी एकदम हलायच्या, पिशव्या सळसळायच्या, जणू पंगतीत बातमी पोहोचली: ती येतेय, जिला माहीत आहे ती येतेय.

आत्या दारात उभी राहिली. कपाळाला हात लावून तिने आत बघितलं.

"आगं बया! एवढ्या बाया? जावईबापू, तुमी कसं ऱ्हाता हो ह्या घरात?"

"मागच्या दारानं, आत्या," हे म्हणाले.

चहा नको म्हणाली. आधी काम. मी तिला सगळं सांगितलं. चेहऱ्याकडे बघू नकोस, हात बघ, पणती कशी धरलीय ते बघ. तिने काठी माझ्याकडे दिली, कमरेवर हात ठेवले आणि बाजारात जनावरं बघावीत तशी पहिल्या दोरीपासून सुरुवात केली.

"ही न्हाई. हिनं कधी भाकर थापलेली न्हाई." पुढची. "हिला कंबरच न्हाई, ही काय मोळी उचलनार?" पुढची. "आन् ही पनती धरलीय का इच्चू? लांब धरलाय हात." हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पदराआड तोंड लपवणाऱ्या नव्या सुनेसारखे टॉवेलमध्ये तोंड लपवून हसत होते. मीही हसत होते.

दुसऱ्या दोरीच्या मधोमध आत्या थांबली. हिरवा पदर, पिवळी रेघ. तिने पिशवीवरून बोट फिरवलं, पदरावरून, मनगटापर्यंत. तिथेच बोट थांबलं.

"ही साडी..." ती म्हणाली.

"आईची?"

"न्हाई गं. आसली साडी मला घ्यायची हुती. तुझ्या तात्यानं घिऊ दिली न्हाई."

ती पुढे गेली. तिसरी दोरी. चौथी. आता तिच्या तोंडून शेरे येईनात. ती नुसती बघत होती आणि सरकत होती. शेवटच्या बाईपाशी पोहोचल्यावर ती मागे वळली आणि पुन्हा पहिल्या दोरीपासून चालायला लागली. या वेळी हळू. ह्यांनी टॉवेल खाली ठेवला. बाहेर कुणीतरी उरलीसुरली माळ लावली, तडतड झाली, धुराचा वास आत आला, सगळ्या बाया हलल्या आणि थांबल्या.

त्यानंतर आणखी एक दिवाळी आली आणि त्या दिवाळीनंतरच्या थंडीत आत्या गेली. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "अहो, ही चित्रं मोबाईलवर टाका, लोकांना आवडतील." आवडतील की. लोक अंगठा वर करतील, बदाम पाठवतील. पण "ही माझ्या ओळखीची" असं म्हणणारं कुणी त्यात असणार नाही. ज्या गोष्टीचा शेवटचा साक्षीदार गेला तिचं काय होतं? ती खोटी होत नाही, पण खरीही राहत नाही. मग ती नुसती छान दिसते. बायका आता लोखंडी पेटीत आहेत, डांबरगोळ्या घालून. हॉल मोठा वाटतो. सोफ्यावर खरंच बसता येतं. मी काल बसून बघितलं.

पण मी त्या दिवशीचं सांगत होते. आत्याचा दुसरा फेरा झाला. ती खिडकीपाशी उभी राहिली, उजेडाकडे पाठ करून. मी काठी पुढे केली, तिने घेतली नाही. तिने माझी हनुवटी धरली, लहानपणी वेणी घालण्याआधी धरायची तशी, आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं. त्या नव्या, स्वच्छ डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या कपाळाकडे, डोळ्यांखाली, ओठांच्या कडांकडे. बायकांकडे तिने एवढं निरखून बघितलं नव्हतं. तिची बोटं माझ्या गालावरून दोनदा फिरली, काहीतरी पुसून काढावं तशी. मग हात खाली पडला, आणि तिच्या तोंडून फटकन निघून गेलं:

"आगं, आजपातुर तुझ्याकडं बगूनच ती ध्यानात ऱ्हात हुती, आता तूच म्हातारी झालीस, आता कुनाकडं बगू मी?"